सोळावी ओळ

"कितवा, ताई?"

"एकशे चार."

"म्हणजे छत्तीस राहिले."

"वजाबाकी मलाही येते, सर," मी म्हटलं आणि बोर्ड पालथा धरून त्याच्या पाठीवरचं मुगाच्या दाण्याएवढं बटण नखाने दाबलं.

हेरंबसर हसले नाहीत. तीन दिवसांत आम्ही कुणीच हसलो नव्हतो. कुणीच म्हणजे आम्ही दोघं, कारण वर्कशॉपमध्ये तिसरं माणूस नव्हतं. सांगलीत कुपवाडच्या रस्त्याला दोन खोल्यांची आमची जागा. लोकांना हवे तसे कीबोर्ड बनवून द्यायचो. कुणाला मोठ्या बटणांचा, कुणाला मधून दुभंगलेला, कुणाला एका हाताचा. हेरंबसर मालक, वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. सोल्डरिंग, जोडणी, तपासणी आणि चहा माझ्याकडे.

त्या आठवड्यात एका कंपनीला दिलेले एकशेचाळीस बोर्ड जसेच्या तसे परत आले होते. एका हाताने चालवायचे, चोवीस बटणांचे, आकडे टाकण्यासाठीचे. बटण एकदा दाबलं की आकडा दोनदा उमटत होता. दोष त्याच्या पोटातल्या प्रोग्राममध्ये होता. फर्मवेअर म्हणतात त्याला. कुठलं बटण दाबलं की काय उमटवायचं, हे बोर्डाला तोच सांगतो. तो सगळ्यांत नव्याने भरायचा होता, आणि हे काम एकेक बोर्ड हातात घेऊनच करावं लागतं. पाठीवरचं बटण दाबून धरायचं, केबल जोडायची, लॅपटॉपवर बोर्ड दिसला की त्यात आधी पुसणारी फाईल टाकायची. बोर्ड आतून कोरा होतो. मग पुन्हा बटण, पुन्हा केबल, आणि नवी फाईल. झाला की बाजूला. घे पुढचा.

"जुन्याचा कणही आत राहायला नको," सर म्हणायचे. "आधी पुसा, मग भरा. प्रत्येक वेळी."

न केलेले बोर्ड उजवीकडे, केलेले डावीकडे, सगळे पालथे. चैत्रातली दुपार, वर पत्रा. मनगटाला कळ लागली होती आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. अशा कामात मन रमत नाही आणि लांबही जाता येत नाही. म्हणून मी एक सोय काढली होती: बोर्डागणिक एकदा 'राम कृष्ण हरी'. आम्ही गुरव. माझं बालपण देवळाच्या पायरीवर कीर्तनं ऐकण्यात गेलं. वडील नगारा वाजवायचे, मी खांबाला टेकून बसायची. नामाशिवाय माझा हात चालत नाही, त्याला मी तरी काय करू?

"ताई, तुम्ही नाम मोजताय की बोर्ड?" सरांनी विचारलं.

"एकात दोन कामं होतायत. तुम्हाला काय तोटा?"

एकशे सहा. एकशे सात. एकशे आठ.

माळ पुरी झाली. जप करणाऱ्याला ठाऊक असतं, मेरुमणी ओलांडायचा नसतो. तिथवर आलं की माळ उलटी फिरवायची आणि आल्या वाटेने मागे जायचं. मी क्षणभर डोळे मिटले. केबल हातात होती, तशीच कपाळाला लावली. आणि पुढचा बोर्ड उजवीकडून उचलायच्या ऐवजी माझा हात डावीकडे वळला. मला ते कळलंही नाही. जवळ पडलेला बोर्ड घेतला. बटण, केबल, पुसणारी फाईल. बटण, केबल, नवी फाईल. राम कृष्ण हरी.

खाली ठेवताना तो उलथला आणि सुलटा पडला. कंपनीच्या बोर्डांची बटणं काळी कुळकुळीत होती. याची पांढरी होती, हात लागून लागून पिवळी पडलेली.

तो द्वारकाबाईंचा बोर्ड होता.

द्वारकाबाई टेंभ्यांची कीर्तनं मी वीस वर्षं ऐकली. रामनवमीला नऊ दिवस आमच्या भागातल्या देवळात त्या उभ्या राहायच्या. काठापदराचं नऊवारी, हातात झांजा, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याची डुलकी मोडावी. पेटीवर त्यांचे यजमान भास्करराव. पेठेत त्यांचा टायपिंगचा क्लास होता. दिवसभर पोरांना बोटं शिकवायची आणि संध्याकाळी बाईंना सूर द्यायचा, असं त्यांचं आयुष्य.

मग बाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं. जीभ वळेना. डोकं मात्र लख्ख होतं. राहिला डावा हात, त्यातही तीन बोटं आणि अंगठा. पेनाने लिहिलं तर त्यांचं अक्षर त्यांनाच लागेना. मोबाईलच्या काचेवर बोट थरथरलं की दहा अक्षरं भलतीच उमटायची. तेव्हा भास्करराव आमच्याकडे येऊन हा असाच चोवीस बटणांचा, एका हाताचा बोर्ड घेऊन गेले. महिनाभर रोज येऊन बसायचे. लॅपटॉपवरून बोर्डात अक्षरं कशी बसवायची ते सरांकडून शिकले आणि पुढे घरी बसून त्यांनीच ते भरलं. कुठलं अक्षर बाईंच्या कुठल्या बोटाखाली यावं, हे त्यांच्याइतकं कोण जाणणार? अक्षरांखेरीज या बोर्डात सोळा आख्ख्या ओळी साठवता येतात. एक बटण दाबलं की सबंध वाक्य पडद्यावर येतं. त्या सोळाही त्यांनी भरल्या होत्या. बाई त्या बोर्डावर बोलायच्या. रविवारी सकाळी चार-पाच मुली कीर्तन शिकायला येत. बाई लिहायच्या, पडद्यावर वाचून मुली म्हणायच्या.

हे सगळं बोर्डाच्या पोटातच राहतं. दुसरीकडे हवं असेल तर मुद्दाम उतरवून ठेवावं लागतं. ते कुणी ठेवलं नव्हतं. आणि भास्करराव कार्तिकात गेले होते.

बोर्डाची केबल जिथे खोचतात ते सॉकेट ढिलं झालं, म्हणून बाईंची नणंद कुमुदताई बुधवारी तो घेऊन आली. "लवकर द्या गं," म्हणाली. "वहिनी गप्प बसली की घरात मी एकटीच बोलते. मलाच माझा कंटाळा येतो." गुरुवारी सकाळी मी नवं सॉकेट जोडलं. नावाची चिठ्ठी तापत्या सोल्डरने करपेल म्हणून काढून टेबलाच्या कडेला चिकटवली. बोर्ड निवायला डावीकडे पालथा ठेवला. नुसती तपासणी राहिली होती.

"सर," मी म्हटलं.

ते आले. पांढरी बटणं बघितली, लॅपटॉपवरची फाईल बघितली आणि स्टूल ओढून मटकन बसले.

"पुसणारीही टाकलीत?"

"तुमचाच नियम ना?"

"अहो, माझा नियम त्या एकशेचाळीसांसाठी होता!" मग स्वतःच कपाळ चोळलं. "जाऊ दे. परत येईल असं काही उरलेलं नाही. शोधायलासुद्धा नाही."

मी केबल उपसून बाजूला ठेवली.

"ताई, ऐका," ते हळू म्हणाले. "सॉकेट ढिलं होतंच. त्यातून करंट उलटा जाऊन चिप जळते कधीकधी. खरंच जळते. आपण सांगू चिप गेली. कोरा करकरीत बोर्ड देऊ, एक पैसा न घेता."

"आणि त्यांनी विचारलं, हे कशानं झालं?"

"कोण विचारणार? त्या बोलत नाहीत."

बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. मान फिरवून उजवीकडच्या ढिगातला बोर्ड उचलला आणि उगाचच फुंकर मारून खाली ठेवला. वाईट माणूस नव्हता हो. दमला होता.

"उद्या मी सकाळी त्यांच्याकडे जाऊन मग येईन," मी म्हटलं.

"काय सांगणार?"

"मी पुसलं, असं."

"वर्कशॉपचं नाव..."

"नाव माझं सांगेन."

रात्रभर अंग ठणकत होतं. सकाळी देवाजवळ दिवा लावला, पण काही मागवेना. काय मागायचं?

टेंभ्यांच्या घरी खिडकीजवळ बाईंची खुर्ची. मांडीवर आडवी फळी, समोर टेबलावर पडदा. फळी रिकामी होती. कुमुदताईने माझ्या हातातली पिशवी बघितली आणि चेहरा उजळला.

"आली गं तुझी वाचा! वहिनी, आता हवं तेवढं सुनाव मला."

"कुमुदताई, आधी माझं ऐका," मी म्हटलं. आणि बाईंच्या पुढ्यात जमिनीवर बसले. त्यांचं कीर्तन ऐकताना बसायची तशीच. "बाई, सॉकेट मी दुरुस्त केलं. पण नंतर माझ्या हातून बोर्ड पुसला गेला. दुसऱ्या बोर्डांचं काम चाललं होतं, त्यात मी हा उचलला. भास्करकाकांनी भरलेलं सगळं गेलं. परत येत नाही. चिप जळलेली नाही, कशाचा दोष नाही. मी केलं."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. एवढी वर्षं देवळात मी त्यांच्याकडे बघितलं होतं. त्यांनी माझ्याकडे इतकं बघितल्याचं मला आठवत नाही.

"गेलं म्हणजे?" कुमुदताई म्हणाली. "सगळं? अगं, दादाने सहा महिने खपून केलं होतं ते! रात्री उठून अक्षरं बदलायचा. हिचं करंगळीशेजारचं बोट दुखतं म्हणून 'र' हलवला, तर तीन दिवस घरात तेवढंच बोलणं. आणि तू पुसलंस? फडक्याने ओटा पुसावा तसं?"

"हो."

"हो काय म्हणतेस? रविवारी पोरी येतील. त्यांच्यापुढे ही काय करेल? हात हलवेल?"

उत्तर होतं ते बाईंकडे, आणि ते द्यायचं साधनच मी पुसून आणलं होतं. शिव्या द्यायच्या तरी त्यांनी कशाने द्याव्या?

बाईंनी डावा हात पुढे केला. बोर्डाकडे.

"त्यात काही नाही, बाई," मी म्हटलं. पण हात तसाच होता. मी बोर्ड फळीवर ठेवला, केबल खोचली. त्यांची बोटं बटणांवर गेली आणि चालू लागली. अडखळली नाहीत, शोधलं नाही. अंगठा मध्येच खालचं बटण धरून ठेवी, मधलं बोट वर सरके, पुन्हा खाली येई. समोर पडद्यावर त्या कंपनीच्या हिशेबाचे आकडे येत होते: चार सात सात, दोन, नऊ, शून्य, पुन्हा सात.

कुमुदताईने तोंडाला पदर लावला. "बघवत नाही मला," म्हणाली आणि आत गेली.

मी पडद्याकडे बघत नव्हते. बोटांकडे बघत होते. ती चुकत नव्हती. त्यांना जे लिहायचं होतं ते त्या बरोबर लिहीत होत्या. पलीकडे चुकीचं उमटत होतं इतकंच. बोर्ड मी पुसला होता. बोटं कुठे पुसली होती?

"बाई," मी म्हटलं, "मी अक्षर सांगते. ते जिथे होतं तिथे बोट ठेवाल?"

त्या थांबल्या.

"क."

मधलं बोट दुसऱ्या ओळीत गेलं. मी माझ्या पिशवीतला लॅपटॉप काढला, त्या बटणावर क बसवला.

"ख."

अंगठा खालचं बटण धरून, बोट तिथेच. म्हणजे भास्कररावांनी एकेका बटणाला मजले केले होते. नुसतं दाबलं की तळमजला, अंगठा धरला की वरचा. "ग." तर्जनी. "घ." अंगठा आणि तीच तर्जनी. मी भराभर बसवत गेले. कुमुदताई दारात येऊन उभी राहिली, मग जवळ आली, मग वही-पेन घेऊन माझ्या शेजारी मांडी घालून बसली.

"लिहून ठेवते," म्हणाली. "तुझा काही भरवसा नाही."

दुपार झाली. बाई दर दहा अक्षरांनी डोळे मिटून मान मागे टाकायच्या, तेव्हा आम्ही थांबायचो. 'ळ'पाशी अडलं. बोट या बटणावरून त्या बटणावर फिरलं आणि हवेतच राहिलं. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. बाईंच्या कपाळावर घाम आला.

"सुटं अक्षर बोटाला कुठलं कळायला?" कुमुदताई म्हणाली. "दादा पोरांना सांगायचा, एकेक अक्षर बडवू नका, शब्द मारा."

मी विचार केला. मग त्यांच्याच कीर्तनातलं, त्यांच्याच चालीत म्हटलं, "टाळी वाजवा मंडळी, हात आपलेच आहेत, भाड्याने आणलेले नाहीत."

बाईंच्या ओठाचा डावा कोपरा हलला. आणि बोटं धावली. 'टाळी' म्हणताना तर्जनी थेट वरच्या ओळीत गेली, अंगठा धरून. सापडला ळ.

त्यानंतर मी अक्षरं सांगणं सोडलं. वीस वर्षं ऐकलेलं एकेक आठवून म्हणत गेले आणि बाईंची बोटं ते लिहीत गेली. "मागे बसलेल्यांनी पुढे या, पुढे बसलेल्यांनी जागे राहा." "सावकाश बसा, देव कुठे पळून जात नाही." "कथा ऐकायला आलात की चपला राखायला?"

"ही चपलांची मला ठाऊक नव्हती," कुमुदताई म्हणाली.

"ज्या वर्षी देवळातून चपला गेल्या, त्या वर्षीची. तुम्ही गावाला होतात."

"बाई गं, तुला पाठ आहे सगळं?"

"पाठ नाही केलं. राहिलंय."

मी म्हणत होते आणि बाई ऐकत होत्या. एका ठिकाणी मी शब्द चुकवला, तर त्यांनी बोट उचलून नकारार्थी हलवलं. मी सुधारून म्हटलं. मग मान हलली.

शनिवारी सकाळी पुन्हा गेले. वाटेत सरांचा फोन आला. "ताई, तुमचे बत्तीस मी केले. मनगट गेलं माझं." मग विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

"अजून काही म्हणता येत नाही त्यांना," मी सांगितलं. "आज येईल."

दुपारपर्यंत अक्षरं पुरी झाली, काना-मात्रा आणि पुसायच्या बटणासकट. मी केबल काढून पुन्हा खोचली आणि हात मागे घेतले. बाईंनी बोटं ठेवली. पडद्यावर एकेक अक्षर आलं.

'हात लावण्याआधी बघायचं होतंस.'

"हो, बाई."

'काल हेच लिहिलं होतं.'

कुमुदताई फस्सकन हसली. चार-पाच दिवसांत मी ऐकलेलं ते पहिलं हसू. मला मात्र रडू आलं, आणि ते आवरताही येईना. बाई थांबल्या. माझं नाक पुसून होईपर्यंत त्यांनी काही लिहिलं नाही.

मग ओळींना बसलो. सोळा भरायच्या होत्या.

"माझ्या नावाने पाच होत्या," कुमुदताई म्हणाली. "तोंडपाठ आहेत, दिवसातून वीसदा वाचायचे. घे. 'कुमुद, पंखा कमी कर.' 'कुमुद, दूध बघ.' 'कुमुद, फोनवर हळू बोल.' 'कुमुद, मला ऐकू येतं, ओरडू नकोस.'"

"चार झाल्या."

तिने पदराचं टोक उगाचच बोटाला गुंडाळलं. "'कुमुद, तू जेवलीस का?'" म्हणाली. "ती रोज दुपारी यायची."

सात मी सांगितल्या, त्यांच्याच कीर्तनातल्या. रविवारी मुलींना शिकवताना बाईंना लागणाऱ्या त्याच ओळी होत्या. प्रत्येक ओळ म्हटली की बाई मान हलवायच्या. तीन बाईंनी स्वतः लिहून दाखवल्या. बारा आणि तीन, पंधरा.

"सोळावी?" मी विचारलं.

बाईंची बोटं फळीच्या कडेवर होती. ती हलली नाहीत.

मी बोर्डाकडे नीट बघितलं. तेवीस बटणांना अक्षर, ओळ नाहीतर दुसरं काही काम मिळालं होतं. वरच्या उजव्या कोपऱ्यातलं एक बटण दोन दिवसांत एकदाही दाबलं गेलं नव्हतं. कुठल्याच अक्षराला ते लागलं नव्हतं. पण चोवीसांत सगळ्यात झिजलेलं तेच होतं. मधोमध खळगा पडून गुळगुळीत झालेलं, पायरीचा दगड होतो तसं.

"इथे होती का, बाई?"

मान हलली.

"काय होती?"

"मला विचारू नकोस," कुमुदताई मध्येच म्हणाली. "दादा गेल्यावर तर सारखी दाबायची. मी चष्मा शोधून येईपर्यंत पुसलेली असायची. एकदासुद्धा वाचू दिली नाही. भावाने काय लिहून ठेवलंय ते बहिणीला कळू नये, बघ."

बाईंनी लिहायला सुरुवात केली. हळू, प्रत्येक शब्दानंतर थांबत.

'ती त्यांनी मला न सांगता भरली होती. दाबल्यावर कळली.'

"तुम्ही सांगा, बाई. मी शब्द न शब्द तशीच भरते. कुमुदताईंना बाहेर बसवते. मीसुद्धा बघत नाही, तुम्हीच लिहा, मी नुसतं..."

'नको.'

"एवढं सगळं परत आलंय, बाई. तेवढंच का ठेवायचं?"

खिडकीबाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

'मी भरली तर ती माझी होईल.'

मग अंगठ्याने पुढच्या ओळीवर येऊन लिहिलं, 'राहू दे.'

मी ते बटण कोरं ठेवलं. सगळं भरलेलं लॅपटॉपवर उतरवून घेतलं, एक प्रत पेनड्राइव्हवर केली आणि ती कुमुदताईच्या हातात दिली. तिने ती देवघरातल्या कुंकवाच्या कोयरीशेजारी ठेवली. निघताना मी बाईंच्या पाया पडले. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. क्षमा केली की नाही, ते मला कळलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

रविवारी मुली आल्या. मला कुमुदताईचा फोन आला, वर्ग झाला म्हणून.

या गोष्टीला आता पाच वर्षं होतील. हेरंबसर पुण्याला गेले, वर्कशॉप मीच चालवते. बाई गेल्या वर्षी गेल्या. पण मी सांगतेय ते बोर्ड पुसला गेला त्याच वर्षीच्या वैशाखातलं. एका रविवारी मुलींचं ऐकावं म्हणून मी गेले, तर लवकर पोचले. मुली यायच्या होत्या. बाई लिहीत होत्या, त्या दिवशीचं निरूपण. मी दाराशी पायरीवर बसले. त्या तिरक्या पाठमोऱ्या होत्या; पडदा आणि त्यांचा डावा हात मला दिसत होता.

'माणसाने देवाला हाक मारावी ती' इथवर त्यांनी लिहिलं होतं. तिथे बोट उचललं गेलं, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात गेलं आणि ते कोरं बटण दाबलं. पडद्यावर काही आलं नाही. एक सबंध ओळ वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या बाई थांबल्या. मग सवयीने पुसायचं बटण दाबून धरलं. पुसायला तिथे काही आलंच नव्हतं, म्हणून त्यांचे स्वतःचेच शब्द मागून पुसले जाऊ लागले. 'ती' गेलं, 'मारावी' गेलं, 'हाक' गेलं, तेव्हा कुठे बोट उचललं.

"रोज असंच करते," कुमुदताई माझ्या कानाशी येऊन म्हणाली. "सांगितलं तरी ऐकत नाही."

बाईंनी गेलेले तीन शब्द पुन्हा लिहिले आणि वाक्य पुढे नेलं.